ब्लाइंड ब्लेक : तबकडी आणि नोंदवही

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लूज’ या गानप्रकाराचा इतिहास लिहिणाऱ्यांना ज्याने दीर्घकाळ चकविले, त्या आर्थर ब्लेक या गायक-गिटारवादकाचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत. दृष्टिहीन असल्यामुळे तो ‘ब्लाइंड ब्लेक’ याच नावाने ओळखला गेला.

१९२६ ते १९३२ या काळात पॅरामाउंट कंपनीने त्याची सुमारे ८० गाणी ध्वनिमुद्रित केली. ही कंपनी म्हणजे विस्कॉन्सिन राज्यातील खुर्च्या बनविणाऱ्या एका कारखान्याची शाखा. ग्रामोफोनच्या लाकडी पेट्या करता करता मालकांनी तबकड्याही काढल्या आणि १९२२ पासून कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी स्वतंत्र मालिका सुरू केली. ब्लेकचे वादन विलक्षण होते. अंगठ्याने खर्जाचा ठेका धरून इतर बोटांनी तो सुरावट अशी खेळवी, की एकाच गिटारमधून रॅगटाइम पियानो ऐकू यावा.

कंपनीने त्याचे सूर विकले. त्याचे चरित्र मात्र कोणी जपले नाही. त्याचे एकच छायाचित्र आज उपलब्ध आहे. कंपनीच्या प्रचारपुस्तिकेने त्याचे जन्मस्थान फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल असे दिले आणि तेच पुढे ग्रंथांतून उतरत राहिले. १९३२ नंतर तो दिसेनासा झाला. कोणी म्हणे ट्रामखाली सापडला, कोणी म्हणे त्याचा खून झाला.

अखेर २०११ मध्ये संशोधकांनी त्याचा मृत्यूचा दाखला प्रसिद्ध केला आणि या आख्यायिका गळून पडल्या. दाखल्यानुसार ब्लेकचा जन्म १८९६ मध्ये व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज येथे झाला. १ डिसेंबर १९३४ रोजी मिलवॉकी येथे क्षयाने त्याचे निधन झाले. ज्या ग्राफ्टन गावी त्याची अखेरची ध्वनिमुद्रणे झाली, ते मिलवॉकीपासून जेमतेम ३० किलोमीटरवर आहे. ज्याला अवघा देश धुंडाळला, तो तिथेच नाव नसलेल्या थडग्यात विसावला होता.

शासकीय नोंदीही निर्दोष नसतात, हे आम्ही नोकरीच्या अनुभवाने जाणतो. माहिती देणारा जे सांगेल तेच लेखनिक लिहून घेतो. म्हणून मृत्यूची तारीख जितकी भक्कम, तितका जन्माचा तपशील भक्कम मानता येत नाही. तरीही प्रचारपुस्तिका माल खपविण्यासाठी लिहिली जाते, तर नोंदवहीला कोणाची स्तुती करावयाची नसते. म्हणूनच तिचा शब्द अधिक मोलाचा.

मृत माणूस गरीब होता की गुणवंत, याचा विचार न करता मिलवॉकीतील एका अनाम कारकुनाने आपले काम चोख केले. रसिकांनी आणि व्यापाऱ्यांनी जे केले नाही, ते त्या एका कागदाने केले. ब्लेकच्या तबकड्या आजही ऐकावयास मिळतात. त्या ऐकताना त्या कारकुनाचेही ऋण मानावे, असे आम्हांस वाटते.