एका रांगेत उभे राहिलेले हात

गावच्या शाळेची भिंत पडली की आपण घमेली उचलतो. असंच श्रमदान करायला समुद्रापार गेलेल्या तरुणांची ही गोष्ट.

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत जेम्स रॉबिन्सन नावाचे कृष्णवर्णीय पाद्री होते. त्या काळी तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या. न्यायालयाने १९५४ मध्ये ही रीत बेकायदा ठरवली, तरी माणसं ऐकेनात. १९५७ मध्ये लिटल रॉक शहरात नऊ कृष्णवर्णीय मुलं गोऱ्यांच्या शाळेत जायला निघाली, तर त्यांच्या रक्षणाला सैन्य आणावं लागलं.

पुढच्याच वर्षी रॉबिन्सन यांनी सुमारे ६० विद्यार्थी आफ्रिकेत नेले. त्यात काळे होते, गोरेही होते. या उपक्रमाचं नाव ऑपरेशन क्रॉसरोड्स आफ्रिका. उन्हाळ्याच्या सुट्टीत ही मुलं घाना, नायजेरियासारख्या देशांत राहिली आणि तिथल्या तरुणांच्या बरोबरीने शाळा, दवाखान्यांच्या बांधकामावर राबली. उपकार करायला नाही, सोबत काम करायला जायचं, हा रॉबिन्सन यांचा आग्रह होता.

१९६१ मध्ये अमेरिकी सरकारने पीस कोअर ही स्वयंसेवकांची योजना काढली. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी क्रॉसरोड्सला तिचं पूर्वज म्हटलं.

ज्यांच्या देशात एका वर्गात बसणं अवघड, ती मुलं परक्या गावात एका रांगेत उभी राहिली. मैत्रिणींनो, पुढच्या श्रमदानाला आपल्या घमेल्यांच्या रांगेत गावातल्या सगळ्या वस्त्यांच्या बाया आहेत ना, एवढं आपणही बघूया.