लांब पल्ल्याचा माणूस

शर्यतींच्या वर्णनांत धांवणाऱ्याला हरिणाची, वाऱ्याची किंवा सुटलेल्या बाणाची उपमा दिलेली आपण नेहमीं वाचतों. आज ज्याच्याविषयीं मी बोलणार आहें, त्याला ह्यांपैकीं एकहि उपमा शोभली नसती. एमिल झाटोपेक धांवूं लागला म्हणजे त्याची मान एका बाजूस कलत असे, जीभ बाहेर येई, चेहरा वेडावांकडा होई आणि श्वासाची घरघर शेजारून धांवणारास ऐकूं जाई. नवख्या प्रेक्षकास वाटे कीं, हा मनुष्य आतां कोसळतो. मागें पडत मात्र इतर. ह्या तोंडावरून कोणीं त्यास छेडलें, तर धांवण्याच्या शर्यतींत सौंदर्याचे गुण देत नाहींत, अशा अर्थाचें उत्तर तो हंसत हंसत देई.

त्याचा जन्म १९ सप्टेंबर १९२२ रोजीं मोराव्हियांतील कोप्रिव्हनित्से गांवीं एका सुताराच्या मोठ्या कुटुंबांत झाला. ऐन पोरवयांत तो झ्लीन येथें बाटाच्या जोड्यांच्या कारखान्यांत नोकरीस लागला. १९४१ सालीं तेथील शर्यतींत धांवण्याचा त्यास हुकूम झाला. आपली प्रकृति बरी नाहीं, अशी सबब त्यानें सांगून पाहिली. डॉक्टरांनीं तपासून ती नाकारली. निरुपाय होऊन तो धांवला आणि सुमारें शंभर जणांत दुसरा आला. नाकारलेली सबब जगाच्या एवढी उपयोगीं पडल्याचें दुसरें उदाहरण मला आठवत नाहीं.

पुढें त्यानें सरावाची जी रीत उचलली, ती जाणत्यांना खुळचटपणाची वाटली. लांब पल्ल्याच्या धांवपटूनें लांबवर संथ धांवावें, असा सर्वसाधारण रिवाज होता. झाटोपेकचा विचार सरळ होता : संथ धांवणें मला येतेंच, मग शिकावयाचें तें वेगानें धांवणें. म्हणून चारशें मीटर वेगानें, मग थोडें रमतगमत, पुन्हां चारशें मीटर वेगानें, असा क्रम तो वीस वेळां, चाळीस वेळां आणि अखेरीस एका दिवसांत शंभर वेळांपर्यंत चालवूं लागला. लष्करांत असतां तो जड बूट घालून बर्फांतूनहि धांवे.

१९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें ह्या खुळाचें फळ जगानें पाहिलें. दहा हजार मीटरची शर्यत त्यानें २९ मिनिटें ५९.६ सेकंदांत जिंकली. दुसऱ्या क्रमांकाचा फ्रान्सचा अलँ मिमून जवळजवळ ४८ सेकंद मागें होता. पांच हजार मीटरमध्यें बेल्जमच्या गॅस्टन रायफनें त्यास मागें टाकलें, परंतु अखेरच्या फेरींत झाटोपेकनें असा जोर केला कीं, हार झाली ती अवघ्या ०.२ सेकंदानें. त्याच वर्षीं डाना ह्या भालाफेक करणाऱ्या युवतीशीं त्याचा विवाह झाला. दोघांची जन्मतारीख एकच, आणि सालहि एकच.

आतां १९५२ सालच्या हेलसिंकीकडे वळूं. चेकोस्लोव्हाकियाचा संघ निघावयाच्या वेळीं स्टानिस्लाव युंगविर्ट ह्या तरुण धांवपटूचें नांव वगळण्यांत आलें. त्याचा दोष एवढाच कीं, बाप राजकीय कैदी होता. झाटोपेकनें सांगितलें : युंगविर्ट जाणार नसेल तर मीहि जाणार नाहीं. सर्व संघ निघून गेला. हा मागें राहिला. तो लष्करी अधिकारी होता, आणि त्या काळीं त्या देशांत असा हट्ट धरणें म्हणजे नोकरीच नव्हे, तर स्वातंत्र्यहि पणास लावणें होतें. अखेर सरकारच नमलें आणि दोघेहि हेलसिंकीस गेले. ह्याच युंगविर्टनें पुढें १९५७ सालीं पंधराशें मीटरचा जागतिक उच्चांक केला.

हेलसिंकींत जें घडलें तें त्यापूर्वीं घडलें नव्हतें, आणि त्यानंतरहि कोणास साधलेलें नाहीं. २० जुलैला दहा हजार मीटर, २४ जुलैला पांच हजार मीटर आणि २७ जुलैला मॅरेथॉन, अशीं तीन सुवर्णपदकें त्यानें आठवड्याभरांत मिळविलीं. ह्याच दिवसांत, २३ जुलैला, आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं कुस्तींत कांस्यपदक जिंकलें, हें मराठी श्रोत्यांस सांगावयास नको. २४ तारखेस पतीचें ताजें पदक जवळ बाळगून डानाहि भालाफेकीस उतरली आणि तिनेंहि सुवर्णपदक पटकाविलें. मॅरेथॉन तर झाटोपेक जन्मांत प्रथमच धांवत होता. शर्यतींतला नामांकित धांवपटु इंग्लंडचा जिम पीटर्स. वाटेंत झाटोपेकनें त्यासच साळसूदपणें विचारलें कीं, हा वेग ठीक आहे ना? पीटर्सनें थट्टेनें उत्तर दिलें कीं, वेग फारच मंद आहे. झाटोपेकनें तें खरें मानलें कीं काय कोण जाणे, पण तो पुढें निघून गेला. पीटर्सला पायांत गोळे येऊन शर्यत सोडावी लागली. झाटोपेक २ तास २३ मिनिटें ३.२ सेकंदांत मैदानांत शिरला.

उच्चांकांची यादी वाचून मी आपणांस कंटाळा आणणार नाहीं. एकूण अठरा जागतिक उच्चांक त्याच्या नांवावर झाले. एका तासांत वीस किलोमीटरपेक्षां अधिक अंतर धांवणारा तो पहिला मनुष्य, आणि १९५४ सालीं दहा हजार मीटर २९ मिनिटांच्या आंत धांवणाराहि पहिलाच.

मला ह्या विजयांइतकाच त्याचा एक पराजय मोलाचा वाटतो. १९५६ सालीं मेलबर्नची मॅरेथॉन जवळ आली असतां अंतर्गळाची शस्त्रक्रिया त्यास करून घ्यावी लागली. तरीहि तो धांवला आणि सहावा आला. पहिला आला होता तोच अलँ मिमून, ज्यानें तीन ऑलिंपिक शर्यतींत झाटोपेकच्या मागें दुसरा क्रमांक पत्करला होता. मिमून रेषेपाशीं मित्राची वाट पाहत थांबला. थकून आलेल्या झाटोपेकनें त्याचा विजय ऐकतांच टोपी काढली, लष्करी पद्धतीनें त्यास सलाम केला आणि मग मिठी मारली.

१९६८ च्या ऑगस्टांत रशियन रणगाडे प्रागमध्यें आले, तेव्हां झाटोपेक उघडपणें त्यांच्याविरुद्ध बोलला. पक्षांतून आणि लष्करांतून त्याची हकालपट्टी झाली, आणि कर्नलच्या हुद्द्याच्या ह्या माणसास प्रागपासून दूर भूगर्भ-शोधाच्या कामावर मजूर म्हणून कित्येक वर्षें राबावें लागलें. १९७१ सालीं त्यानें आपलीं मतें मागें घेतलीं. जुन्या स्नेह्यांपैकीं कित्येकांना तें कायमचें सललें. ही गोष्ट लपवून ठेवणें मला योग्य वाटत नाहीं. मात्र युंगविर्टसाठीं मागें राहिला तोहि हाच मनुष्य. साम्यवादी राजवट गेल्यावर १९९० सालीं त्याचा मान त्यास परत मिळाला. नोव्हेंबर २००० मध्यें तो वारला.

ह्या विपत्तीच्या दोन वर्षें आधींची एक हकीकत मीं मुद्दाम शेवटास राखली आहे. ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क हा त्या काळचा लांब पल्ल्याचा सर्वश्रेष्ठ धांवपटु. जागतिक उच्चांक त्यानें एकामागून एक मोडले, परंतु ऑलिंपिकचें सुवर्णपदक कांहीं त्याच्या हातीं लागेना. १९६४ सालीं तोकियोस कांस्यपदकावर समाधान मानावें लागलें. १९६६ सालीं तो प्रागला आला असतां झाटोपेकनें त्याचा पाहुणचार केला, आणि निरोप देतांना विमानतळावर एक लहानसें पुडकें त्याच्या हातांत सरकविलें. हें तुला मैत्रीखातर देत नाहीं, तर तुझ्या योग्यतेसाठीं देतों, अशा आशयाचे चार शब्द तो बोलला. क्लार्कला वाटलें, देशाबाहेर न्यावयाचा कांहीं गुप्त मजकूर असावा. म्हणून विमान सुटेपर्यंत त्यानें पुडक्यास हात लावला नाहीं. मग हळूच सोडून पाहिलें, तों आंत हेलसिंकीच्या दहा हजार मीटरचें सुवर्णपदक होतें.