फिरंगी पाते, मराठी मूठ

मराठीत तलवारीला नावे पुष्कळ. समशेर, तेग, खांडा, धोप, पट्टा. त्यांत एका नावापाशी आम्ही नेहमी थबकतो, ते म्हणजे ‘फिरंग’. ज्या परक्यांच्या नावाने गावोगावी मुलांना भीती घालत, त्यांचेच नाव आपल्या पूर्वजांनी कंबरेच्या सर्वांत आवडत्या हत्याराला दिले. त्याचे कारण साधे आहे. पाते परदेशी असायचे आणि मूठ आपली.

हल्ली बेळगाव, निपाणी, कोल्हापूरकडच्या काही तरुणांना चाकू-सुऱ्यांचा आणि जुन्या हत्यारांचा छंद लागलेला दिसतो. कोणत्या पोलादाचे पाते, त्याला शिसवीची मूठ बसवावी की शिंगाची, म्यान चामड्याचे की लाकडाचे, यावर तासन्‌तास बोलणे चालते. घरच्यांना वाटते, हे वेड अमेरिकेतून आले. आम्हाला तसे वाटत नाही. चांगले पाते दुरून मागवावे आणि त्याला आपल्या हाताजोगी मूठ घालून घ्यावी, हा उद्योग आपल्याकडे निदान चारशे वर्षांचा आहे. तो करणारे लोक हौशी होते आणि चोखंदळही होते. फरक एवढाच की त्यांच्या निवडीवर त्यांचा जीव अवलंबून असे.

ही पाती येत जर्मनीतल्या सोलिंगेनहून, स्पेनमधल्या टोलेडोहून आणि इटलीतून. पोर्तुगीज जहाजांतून ती गोव्याला आणि कोकणच्या बंदरांत उतरत. तिथून घाट चढला की आपला मुलूख. त्या मार्गाने घोडे, कापड, मीठ आणि सुपारीबरोबर हत्यारेही वर येत. गोव्याचे महत्त्व नुसते बंदर म्हणून नव्हते. आफोन्सो द आल्बुकेर्क याने १५१३ साली पोर्तुगालच्या राजाला कळवले होते की गोव्याचे बंदूक घडवणारे कारागीर बोहेमियाच्या कारागिरांच्या तोडीचे आहेत. बोहेमिया म्हणजे त्या काळी युरोपात बंदुकांसाठी नावाजलेला प्रदेश. गोवा जिंकून तीन वर्षे झाली होती, म्हणजे हे कारागीर त्याआधीपासून तिथे मुरलेले असणार. दक्षिण हिंदुस्थानात पुढे रूढ झालेल्या तोड्याच्या बंदुकीच्या घडणीत या इंडो-पोर्तुगीज कारागिरीचा मोठा वाटा आहे.

पण तलवारीकडे वळू. युरोपातली तलवार मुठीसकट का वापरली नाही? एक तर हाताची सवय वेगळी. आपला स्वार खांदा फिरवून, ओढून कापणारा. त्याला चार बोटे घट्ट धरणारी आखूड मूठ आणि मनगटाला टेकणारी वरची वाटी लागे. दुसरे म्हणजे युरोपी सरळ पाते लांब आणि लवचीक असे. त्याला मुळाशी आधार हवा. म्हणून फिरंगेच्या मुठीपासून पात्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या खाली उतरवून रिव्हेट मारलेले दिसतात. मुठीला टोपलीसारखी परज आणि वाटीच्या वर एक आखूड दांडी. घाव दोन्ही हातांनी घालायचा झाला तर डावा हात त्या दांडीवर. ही घडण मुळात आपल्या खांड्याची. ती परक्या पात्याला दिली आणि तयार झाली ती फिरंग.

मूठ बसवण्याची रीत तर ऐकण्यासारखी आहे. युरोपात पात्याचे मुठीत शिरणारे टोक लांब ठेवून मुठीच्या वरच्या बाजूला ठोकून पक्के करत. आपल्याकडे ते आखूड. पोकळ मुठीत लाख किंवा राळेचे मिश्रण वितळवून ओतायचे, गरम असतानाच पाते आत दाबायचे आणि थंड होऊ द्यायचे. हे कच्चे काम नव्हते. या जोडावर लढाया झाल्या. पण त्याचा एक फायदा असा की मूठ तापवली की पाते सुटे होई. आजोबांचे पाते नातवाच्या हाताला जड वाटले तर मूठ बदलायची, मूठ फुटली तर पाते टिकायचे, बढती झाली तर त्याच पात्याला सोन्याची कोफ्तगरी केलेली मूठ. म्हणून जुन्या तलवारीत पाते एका शतकाचे आणि मूठ दुसऱ्या शतकाची असणे नवलाचे नाही. अशी तलवार दाखवली की काही जाणकार ‘जोडलेली आहे’ म्हणून नाक मुरडतात. आमच्या मते जोडलेली असणे हीच तिची खरी ओळख आहे.

या व्यापारात नकलाही होत्या. इटालियन पात्यांवर पापणीच्या केसांसारख्या दातेरी कोयत्यांच्या जोडीची खूण असे. ती पाती इतकी नावाजली की आपल्याकडचे लोहार आपल्या पात्यांवर तीच खूण उठवू लागले. सोलिंगेनच्या धावत्या लांडग्याचेही तेच झाले, पण ते युरोपातच. लांडगा मुळात पासाऊ गावच्या कारागिरांचा आणि सोलिंगेनवाल्यांनी तो उचलला. तेव्हा घरच्या तलवारीवर परदेशी खूण सापडली तर हुरळून जाऊ नये आणि ती नकली निघाली तर खट्टूही होऊ नये. ज्या लोहाराने ती खूण मारली त्याचे पोलाद कमअस्सल होतेच असे नाही. आपल्या दख्खनचे जौहरदार पोलाद त्या काळी इराणपर्यंत मागणीत होते.

या सगळ्याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याला माहीत असते, पण आपण ते अशा नजरेने पाहत नाही. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याकडची ‘जगदंबा’ तलवार १८७५-७६ च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजाला भेट म्हणून गेली. त्या वेळी गादीवर चौथे शिवाजी महाराज होते आणि ते अजून अज्ञान होते, म्हणजे भेट कुणाच्या मर्जीने गेली ते उघड आहे. तलवार आजही तिथल्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. तिचे पाते सरळ, एकधारी, युरोपी आहे आणि त्यावर आय.एच.एस. ही अक्षरे कोरलेली आहेत. ती अक्षरे म्हणजे येशूच्या नावाचे ग्रीक संक्षिप्त रूप. देवीचे नाव, त्यांच्या देवाची अक्षरे आणि मराठी मूठ, सगळे एकाच हत्यारात. सावंतांकडची एक फिरंग शिवाजी महाराजांनी ३०० होन देऊन घेतल्याची हकीगतही इतिहासप्रेमींमध्ये सांगितली जाते. त्यात आम्हाला भावते ती किंमत. शत्रूच्या प्रदेशातले उत्तम पोलाद पारखून, रोख मोजून घ्यायला कुणाला कमीपणा वाटला नाही. याच कोल्हापूर गादीच्या छायेत रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांपासून सावध राहण्याचा इशारा आहे आणि त्यांचे बळ आरमारात व दारूगोळ्यात आहे याची स्वच्छ कबुलीही आहे. माणसावर भरवसा नको, मालाची पारख हवी.

आता आपल्या भागात एवढी हत्यारे होती तर गेली कुठे? याचे उत्तर १८१८ ते १८५८ या चाळीस वर्षांत आहे. १८१८ च्या एप्रिलमध्ये मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला आणि तिथे इंग्रजांची छावणी बसली. निपाणीचे सिद्धोजीराव नाईक निंबाळकर वारल्यानंतर संस्थानाचा वारसा खुंटला. १८४१ साली निपाणीच्या गढीत अरब शिबंदीने ठाण मांडले आणि ती मोडून काढायला बेळगावहून फौज गेली. १८४४ साली गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर आणि भुदरगडावर गडकऱ्यांनी बंड केले, तेव्हाही फौज बेळगावचीच. वंशपरंपरेने गड राखणाऱ्या या लोकांच्या हाती बंदूक-तलवार ही नोकरीची खूण होती. बंड मोडल्यावर नोकरी गेली आणि हत्याराचा अर्थही गेला.

१८५७ साली मात्र कायदाच आला. हत्यारे नोंदवा, परवाना घ्या, नाहीतर जमा करा. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांनी याला नकार दिला. शिकार आणि राखण हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनी हत्यार देऊन खायचे काय? नोव्हेंबर १८५७ मध्ये सैन्याने गाव जाळले आणि पुढच्या महिन्यात मुधोळ व हलगली इथे मिळून १९ जणांना फाशी दिली. यावरचा कन्नड पोवाडा फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्याने टिपून ठेवला, म्हणून निदान नाव उरले. आपल्या मराठी घरांत हलगलीचे नाव फारसे कुणी घेत नाही. ती गोष्ट कन्नडात सांगितली गेली म्हणून ती आपली नाही, असे मानण्याचे काही कारण नाही. त्यानंतर सहा-सात महिन्यांत नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांचा उठाव झाला. दत्तक नाकारल्याचा राग होताच, त्यात हत्यारबंदीचा जाच. त्यांना जून १८५८ मध्ये बेळगावात फाशी दिली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने उरलेसुरले दार बंद झाले.

याच काळात आजच्या कर्नाटकाच्या दुसऱ्या टोकाला उलटे घडले. कोडगूच्या लोकांना १८६१ साली हत्यार परवान्यातून सूट मिळाली आणि ती आजतागायत चालू आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये तिला २०२९ पर्यंत मुदत वाढवून दिली. तिथे सणाला बंदुकीची पूजा उघड्यावर होते. एका राज्यात राहून एकाची बंदूक देवघरासमोर आणि दुसऱ्याची, निवडणूक जाहीर झाली की, पोलीस ठाण्यात. इंग्रजांनी कुणाला राजनिष्ठ ठरवले आणि कुणाला नाही, याचा हिशेब दीडशे वर्षे उलटली तरी चालूच आहे.

हत्यारबंदीत बंदुका बहुतेक गेल्या. तलवारी काही माळ्यावर, काही विहिरीत, काही भिंतीत राहिल्या. त्यांना जागते ठेवणारा माणूस म्हणजे शिकलगार. आपल्या भागात शिकलगार आडनावाची मुसलमान घराणी गावोगाव आहेत. शिकल करणे म्हणजे पात्याला पाणी, धार आणि चकाकी देणे. जौहरदार पात्यावरची नक्षी पुसट झाली तर कसीस लावून ती पुन्हा उठवण्याची विद्या त्यांच्याकडे होती. हत्यारे गेल्यावर त्यांच्याकडे कात्र्या, अडकित्ते आणि विळ्या आल्या. निपाणीची विडी वळणाऱ्या बायकांच्या हातातली पान कापायची कात्री कुणी ना कुणी धारेला लावली असेलच. खंडेनवमीला त्या घरांत कात्रीच पुजली जाते आणि ते बरोबरही आहे.

आमची खरी चिंता माळ्यावरच्या तलवारीची आहे. गेल्या काही वर्षांत शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी, लग्नात नवरदेवाच्या हातात देण्यासाठी, नाहीतर दिवाणखान्यात लावण्यासाठी ती खाली काढतात आणि गाडीच्या बंपरला पॉलिश करणाऱ्याकडे पाठवतात. परत येते ती आरशासारखी. पात्यावरची खूण, जौहर, मुठीवरची कोफ्तगरी, सगळे बफिंगच्या चाकाखाली गेलेले असते. हौशी माणूस नवी मूठ बसवतो तेव्हा जुनी फेकून देतो आणि कुठला कारागीर, कुठले शतक, हे कळण्याचा शेवटचा पुरावा भंगारात जातो. पूर्वजही मूठ बदलत होते, मग आम्ही बदलली तर काय बिघडले, असा प्रश्न आम्हाला एका तरुणाने विचारला. प्रश्न बिनतोड वाटतो. पण पूर्वज वापरातले हत्यार बदलत होते. आज आपल्या हातात आहे तो कागद आहे, फक्त लोखंडाचा.

ज्यांना बदल करण्याची हौस आहे त्यांनी नवे पाते घ्यावे आणि त्यावर हवी ती कारागिरी करावी, कायद्याची मर्यादा पाहून. जुन्याला मऊ फडके आणि पातळ तेलाचा हलका हात एवढे पुरे. लिंबू, चिंच, काचकागद काहीही लावू नये. म्यान असल्यास तलवार कायम म्यानात ठेवू नये, चामड्याची आणि लाकडाची ओल पाते खाते. म्यानाच्या तोंडाची मोहनाळ आणि टोकाची तहनाळ सुटली असेल तर फेवीक्विकने चिकटवू नये, कापडात बांधून ठेवावी. घरात जुनी ठासणीची बंदूक असेल तर ती दुरुस्त करूनही झाडता येण्याजोगी नाही ना, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे, कारण कायद्यातली सवलत त्यावर अवलंबून आहे. परदेशातल्या मुलाने सुट्टीत येऊन ‘आजोबांची तलवार मी घेऊन जातो’ म्हटले तर त्याला सांगावे, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

आणि खाली काढलीच आहे तर मुठीपासून चार बोटे अंतरावर, पट्ट्या जिथे संपतात तिथे, तिरप्या उन्हात पाहावे. खूण असते ती बहुधा तिथे. फोटो काढून ठेवावा, मग तेल लावावे.