महिला मंडळाचे पाहुणे आणि चिमूरची वाट

मराठी साहित्यात ‘महिला मंडळ’ हा शब्द आला की त्याच्यासोबत थोडे हसू येतेच. अध्यक्षीणबाईंची लांबलेली प्रस्तावना, पाककृतींची स्पर्धा, उशिरा उगवलेले प्रमुख पाहुणे, वनभोजनाला निघालेली आणि वाटेत बंद पडलेली बस : विनोदी लेखकांनी या साऱ्याची पुरेशी थट्टा करून ठेवली आहे. ती अगदीच खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण तिच्यामुळे एक नुकसान झाले. व्याख्यान आणि सहल हे मंडळाचे दोन नेहमीचे कार्यक्रम इतिहासाचा विषय होऊ शकतात, ही गोष्ट आपल्या ध्यानातच राहिली नाही. मंडळात बोलायला कोण आले, पानाला कोण बसले आणि मंडळातल्या स्त्रिया घराबाहेर पडून कोठवर गेल्या, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ काही हाती लागते.

प्रारंभ पुण्याचाच घ्यावा लागतो. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्याच वर्षी आर्य महिला समाज स्थापन झाला. त्यांची व्याख्याने ऐकायला रमाबाई रानडे जाऊ लागल्या, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचले नाही. ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हा घरगुती छळ त्यांनी ज्या संयमाने सांगितला आहे, तो साहित्याच्या अभ्यासकांना नव्याने सांगायला नको. आम्हाला एका वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. पंडिता रमाबाईंना वैधव्य आले ते त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत. म्हणजे ज्या स्त्रीला हळदीकुंकवाच्या बैठकीत जागा नव्हती, तीच येथे मुख्य वक्ता म्हणून सर्वांसमोर उभी होती. स्त्रियांना चारचौघींत जमण्याची मुभा हळदीकुंकवानेही दिली होती; परंतु ती सवाष्णींपुरती. व्याख्यानाने ती अट मोडली, आणि तेही कोणताही ठराव न करता.

एक अट मोडली म्हणून सगळ्या मोडल्या असे मात्र झाले नाही. १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३७ च्या अखेरीस ही परिषद नागपुरात आली, तेव्हा जाईबाई चौधरी आणि त्यांच्या सहकारी दलित स्त्रियांना जेवणासाठी वेगळे बसवण्यात आले. जाईबाई नागपुरात मुलींची शाळा चालवीत. शिक्षणाच्या प्रश्नावर त्या परिषदेत त्यांच्याइतके अनुभवाचे बोल किती जणींकडे असतील? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथाने हा प्रसंग विस्मरणातून बाहेर काढला. व्यासपीठावर भगिनीभाव आणि पंगतीत भेद, हे मंडळाच्या इतिहासातले सर्वांत लाजिरवाणे पान होय, आणि आमच्या मते ते वगळून मंडळांचे कौतुक करणे अप्रामाणिकपणाचे आहे. दलित स्त्रियांनी आपले व्यासपीठ आपणच उभारले. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली त्यांची अखिल भारतीय परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे वक्ते म्हणून उभे राहिले. समोर हजारो स्त्रिया होत्या.

त्यानंतर महिनाही उलटला नाही तोच चांदा जिल्ह्यातील चिमूर पेटले. (चांद्याचे चंद्रपूर पुढे १९६४ साली झाले.) १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी भारलेल्या या गावात गोळीबार झाला, जमाव खवळला आणि काही सरकारी अधिकारी मारले गेले. मग लष्कर आले. गावातील पुरुष पकडून नेले गेले आणि मागे उरलेल्या स्त्रियांवर अत्याचार झाले. वृद्ध दादीबाई बेगडे यांनी अधिकाऱ्यांपुढे जाऊन या स्त्रियांची बाजू मांडली. बातम्यांवर निर्बंध होते. त्यामुळे चिमूरला काय घडले हे समजायचे तर कोणीतरी चिमूरला जाणेच भाग होते. डॉ. बा. शि. मुंजे जाऊन आले. आणि नागपूरहून स्त्रियांची एक तुकडीही गेली. तीत रमाबाई तांबे होत्या.

या प्रवासाला सहल म्हणणे अर्थातच धाडसाचे आहे. पण कोणत्या सवयींच्या बळावर तो घडला, हे पाहिले पाहिजे. चार जणींनी ठरवून एकत्र निघायचे, परक्या गावी उतरायचे, अनोळखी बायकांच्या ओसरीवर बसायचे, त्यांचे बोलणे नीट ऐकून टिपून घ्यायचे : हे सारे मंडळांनी दोन पिढ्या शिकवलेले होते. फरक एवढाच की या वेळी पाहुण्या बोलायला गेल्या नव्हत्या. बोलणाऱ्या होत्या त्या चिमूरच्या बायका. पोलिसांपुढे वा पुरुष वकिलापुढे जे तोंडातून निघाले नसते, ते या पाहुण्यांपुढे निघाले. ज्या काळात अशी गोष्ट घरातल्या घरातही उच्चारली जात नसे, त्या काळात हे बोलणे म्हणजे केवढे धैर्य! आमच्या दृष्टीने त्या निवेदनांचे स्थान मराठी स्त्रियांच्या आत्मकथनांच्या परंपरेत आहे, मग ती कोणत्याही वाङ्मयसूचीत नसली तरी चालेल.

सरकारने चौकशी नाकारली. तिच्यासाठी प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी ११ नोव्हेंबर १९४२ पासून उपोषण आरंभले. ते १२ जानेवारी १९४३ पर्यंत, ६३ दिवस चालले. भन्साळींचे नाव इतिहासात राहिले आणि ते रास्तच आहे. पण ज्या निवेदनांसाठी ते अन्न सोडून बसले, ती मिळवणाऱ्या आणि देणाऱ्या स्त्रिया पाठ्यपुस्तकांच्या तळटीपांतही क्वचितच सापडतात. महिला परिषदेत वावरलेल्या नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी पुढे आष्टी-चिमूरच्या फाशी ठोठावलेल्या कैद्यांसाठी जीव ओतून खटपट केली. १९४५ साली त्या शिक्षा सौम्य झाल्या.

चांद्याच्या जंगलपट्टीतून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. तेथे ऐकणाऱ्या पाहुणीची हीच रीत पुन्हा भेटते. डॉ. राणी बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली; १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष आले. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता आणि पूर्वी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. त्यासाठी आधी बायकांशी मैत्री जुळावी लागली. ‘कानोसा’ हे या ऐकण्याचे एक पुस्तक, ‘गोईण’ हे दुसरे. गोईण म्हणजे त्या मुलखातली जिवाभावाची मैत्रीण. या पुस्तकात गडचिरोलीच्या बायका आपापल्या ओळखीच्या झाडांविषयी सांगतात : कशाचे फूल शिजवून खावे, कशाची साल कोणत्या दुखण्यावर चालते, कोणत्या झाडाशी आपले कोणते नाते. बोलणे त्यांचे, आणि लिहून घेणारी डॉक्टरीण.