कमी बजेटमध्ये टोकदार रॉक गिटार: कोणती घ्यावी?

गिब्सनने 1958 मध्ये फ्लाइंग व्ही आणि एक्सप्लोरर हे टोकदार आकार बाजारात आणले. रॉकचा जाड आवाज मात्र टोकांमुळे नाही, हंबकर पिकअप आणि डिस्टॉर्शनमुळे येतो. त्यामुळे ब्रिजजवळ हंबकर आहे ना, ते आधी बघा.

ब्रिज फिक्स्डच घ्या. फ्लॉइड रोझमध्ये एक तार तुटली की बाकीच्यांचंही ट्युनिंग बिघडतं. वाशीममध्ये बसून व्हिडिओ बघत ते सेट करणं म्हणजे डोक्याला ताप.

व्ही बसून वाजवताना मांडीवरून घसरते, खाच मांडीवर अडकवावी लागते. पलंगावर बसून सराव करणार असाल तर माझं मत एक्सप्लोररला. (साध्या बॅगेत दोन्ही मावत नाहीत, एसटीने न्यायची तर वेगळी बॅग लागेल.)

अ‍ॅम्पऐवजी फोनला चालणारा ऑडिओ इंटरफेस आणि अ‍ॅम्पचं अ‍ॅप चालेल. हेडफोन वायरचाच हवा, ब्लूटूथवर आवाज उशिरा येतो.