कमी चाललेली गाडी

जुनी डिझेल पिकअप विकायला काढली की इथले मालक पहिली फुशारकी मारतात ती गाडी किती कमी चाललीये याची. गराजमध्येच असायची, उन्हाळ्यात दोनतीनदा बोट ओढायला तेवढी बाहेर काढायचो, वगैरे. हे ऐकलं की मला संशय येतो. पुण्यात माझी सगळी नोकरी डिझेल इंजिनांत गेली. आता मुलीकडे, इंडियानात राहतो, आणि शेजारपाजारचे लोक बॉनेट उघडलं की मला हाक मारतात. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. या गाड्यांचा टर्बो चालून जेवढा बिघडतो त्यापेक्षा उभा राहून जास्त बिघडतो. पण हा रोग टर्बोला जन्मापासून नव्हता, मागाहून लागला.

टर्बोची मूळ कल्पना आल्फ्रेड ब्यूशी या स्विस इंजिनिअरची. त्याचं पेटंट 1905 चं. धुराबरोबर एवढी ऊर्जा फुकट बाहेर जाते, तर तिच्यावर एक चाक फिरवावं, आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकानं इंजिनात जास्त हवा कोंबावी. बस, एवढंच. ते प्रत्यक्षात यायला वीसेक वर्षं लागली. 1920 च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरच्या इंजिनांना टर्बो बसवले, आणि 1750 अश्वशक्तीची इंजिनं 2500 वर गेली. जहाजाचं इंजिन एकदा धरलं की बंदर येईपर्यंत थांबत नाही. त्याला गंजायला फुरसत कुठून मिळणार? पुढे 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या गॅरेट कंपनीनं कॅटरपिलरच्या डी-9 ट्रॅक्टरसाठी टर्बो बनवायला घेतले. तेही दिवसभर माती ढकलणारं यंत्र.

आमच्यापासून जवळच कोलंबस नावाचं छोटं गाव आहे. कमिन्स कंपनी तिथली, 1919 सालची. याच कंपनीनं 1962 मध्ये किर्लोस्करांबरोबर पुण्यात कारखाना काढला, त्यामुळे कोथरूडच्या माणसाला कोलंबस फारसं परकं वाटत नाही. तर या कमिन्सनं 1952 साली इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत चक्क डिझेलची गाडी उतरवली. 6.6 लिटरचं ट्रकचं इंजिन, गाडी बुटकी व्हावी म्हणून आडवं निजवलेलं, आणि त्याला टर्बो. त्या शर्यतीत टर्बोवाली गाडी तोवर कधी उतरलेली नव्हती. तिचा चालक फ्रेड अगाबाशियन यानं पात्रता फेरीत ताशी 138 मैलांचा वेग काढून सुरुवातीची पहिली जागा पटकावली. पेट्रोलवाले बघत राहिले. शर्यतीत मात्र 71 व्या फेरीला गाडी बाहेर. इंजिन ठणठणीत होतं. टर्बोचं हवा ओढायचं तोंड पुढे खाली होतं, आणि टायरांचे झिजून उडालेले रबराचे कण खाऊन खाऊन ते चोंदलं. टर्बोच्या इतिहासातली मला सर्वांत आवडती गोष्ट हीच, कारण टर्बो बहुधा असाच मरतो. भोवती कोणी काय साचू दिलं, त्यानं.

पिकअपमध्ये कमिन्सचं इंजिन आलं ते 1989 च्या डॉजमध्ये. 5.9 लिटर, 160 अश्वशक्ती. मोठ्या अमेरिकन पिकअपला कारखान्यातूनच टर्बो डिझेल मिळालं ते तेव्हा. या टर्बोत फिरणारी वस्तू एकच, मधला दांडा आणि त्याची दोन चाकं. जॅम व्हायला दुसरं काही नव्हतंच. गाडी घ्यायचे तेही शेतकरी, घोडे वाहणारे, वेल्डर. म्हणजे रोज ओझं ओढणारे. अशा गाड्या आजही रस्त्यावर दिसतात. पत्रा गेलेला असतो, कारण थंडीत इथे रस्त्यावर मीठ टाकतात. पण टर्बो शिट्टी वाजवत असतो.

मग धुराचे कायदे कडक झाले. नायट्रोजनची ऑक्साइडं कमी करायला थोडा धूर परत इंजिनात सोडायचा, हा उपाय निघाला. पण धूर परत जायचा तर मागून दाब हवा. तो दाब आणायचं काम टर्बोच्या गळ्यात पडलं. टर्बाइनच्या चाकाभोवती हलती पाती बसवली. ती मिटली की धुराची वाट अरुंद होते, चाक कमी वेगातही जोरात फिरतं आणि मागे दाबही वाढतो. कागदावर सुरेखच. फोर्डच्या पिकअपमध्ये 2003 च्या मॉडेलला नेविस्टारनं बनवलेलं 6 लिटरचं इंजिन आलं, त्यात हा गॅरेटचा टर्बो होता. या इंजिनाच्या वॉरंटीच्या खर्चावरून फोर्ड आणि नेविस्टार 2007 साली कोर्टात गेले आणि 2009 मध्ये त्यांनी तडजोड केली. त्या इंजिनाची दुखणी पुष्कळ होती, सगळा दोष टर्बोवर घालणं अन्यायाचं होईल.

पण ही हलती पाती गंजानं अडकतात, हे खरं. गंज येतो कसा, याचा हिशोब सोपा आहे. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लांबच्या पल्ल्यावर टर्बाइनचं घर तापलेलं असतं, वाफ निघून जाते. दुकानापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीत तीच वाफ थंड बिडावर बसते. वर काजळी आहेच. आणि ही गाडी पुढे महिनाभर उभी.

शेजारच्या गृहस्थांच्या फोर्डचा असा एक टर्बो मागच्या उन्हाळ्यात आम्ही खोलला. इंजिनाच्या मागच्या बाजूला, दोन हेडांच्या मधल्या खळगीत तो बसलेला असतो. काढताना कंबर जाते. टर्बाइनच्या घराचे बोल्ट पहिल्या झटक्याला हलेनात. टॉर्चनं तापवून, तेल सोडून, परत तापवून निघाले, त्यातला एक तुटलाच. आत सगळी पाती एकदम फिरवणारी एक कडी असते. ती बोटानं सहज सरकायला हवी. आमची हातोडीच्या दांड्यानंही सरकेना. तिच्याखाली बिडावर गंजाचे पापुद्रे आले होते, आणि कडी जिथे नेहमी थांबायची तिथे गंजाचीच पायरी तयार झाली होती. पात्यांच्या खिळ्यांभोवती काजळी डांबरासारखी घट्ट. स्कॉचब्राइट घेऊन घासत बसलो. चकाचक करायचं नसतं. कडी बोटानं फिरली की थांबायचं.

पाती उघडी अडकली तर गाडी चढाला मरते, काळा धूर ओकते. मालक वैतागतो, एवढंच. मिटलेली अडकली तर खरा धोका, कारण बूस्ट, म्हणजे इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, मर्यादेबाहेर जातो आणि ओझं आधी येतं ते हेड गॅस्केटवर. टर्बो घासण्यापुरतं काम मग हेड उतरवण्यापर्यंत जातं.

कमिन्सनं 2007 च्या 6.7 लिटर इंजिनात हलत्या पात्यांऐवजी पुढेमागे सरकणारी कडी बसवली. तीही काजळीनं अडकते, पण या टर्बोत एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धूर अडवून गाडी आवरणारा ब्रेक, अंगचाच आहे. तो वापरला की कडी पूर्ण लांबी सरकते आणि मोकळी राहते. त्यामुळे ब्रेकचं बटण वर्षानुवर्षं न दाबलेली गाडी मी चटकन घेऊ देत नाही. मीटरवरचा आकडा बघण्याआधी मी मालकाला विचारतो, शेवटचा ट्रेलर कधी ओढला, आणि किती लांब? मग गाडी गार असतानाच सुरू करायला लावतो, कारण विकणाऱ्यानं आधीच तापवून ठेवली असेल तर अडकलेली पाती तेवढ्यापुरती सुटलेली असू शकतात.