शिवलेले जहाज

श्रोते हो, नवेगावबांधच्या तलावावर ढिवराचा डोंगा चालताना तुम्ही पाहिला असेल. डोंग्याला गळती लागली तर ती कशी बुजवावी, हे ढिवराला पुस्तकात शोधावे लागत नाही; ते त्याच्या हाताला ठाऊक असते. पण असे जाणते हातच नाहीसे झाले तर? त्याचीच हकीकत आज सांगतो.

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचे चित्र आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकातले. त्या काळी आपल्याकडे जहाजाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवत असत. शिवण कशाला, असे तुम्ही विचाराल. तर शिवलेले जहाज लाटेच्या माराखाली किंचित लवते, म्हणून चटकन तडकत नाही. परंतु तसले जहाज उरले नव्हते, की त्याचा आराखडाही नव्हता. उरले होते ते चित्र.

जुलै २०२३ मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स ही कंपनी यांच्यात करार झाला. चित्रावरून आकार ठरवला. नमुना करून मद्रासच्या आयआयटीत पाण्यात तपासला. आता टाके घालणार कोण? ही विद्या केरळातल्या मोजक्या कारागिरांपाशी शिल्लक होती, बरं का! बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली त्यांनी हजारो टाके हाताने घातले. फेब्रुवारी २०२५ मध्ये जहाज पाण्यात उतरले आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झाले. समुद्रापार आग्नेय आशियात गेलेल्या दंतकथेतील दर्यावर्दीवरून त्याचे नाव ठेवले ‘कौंडिण्य’.

खरी परीक्षा पुढेच होती. २९ डिसेंबर २०२५ रोजी चौकोनी शिडे उभारून, वाऱ्याच्या भरवशावर ते पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये अरबी समुद्र ओलांडून मस्कतला पोहोचले. टाके टिकले!

चित्र भिंतीवर पंधराशे वर्षे राहिले, पण टाका कसा घालावा हे ते सांगू शकत नव्हते. सांगणारी माणसे होती, म्हणून जहाज चालले. आणखी एक पिढी उलटली असती तर?

गुरुजी, येत्या सुटीत मुलांना तलावाकाठी घेऊन जा. तिथल्या सर्वांत वृद्ध ढिवराला विचारू द्या: बाबा, डोंग्याला लाकूड कोणते घेता? भेग कशाने बुजवता? तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या.